माझा कॉल कुठे वळतोय ते मला दिसू द्या : दूरसंचार विभाग, ट्राय आणि मोबाईल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
दूरसंचार विभाग, ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) आणि आम्हाला सिम देणाऱ्या सगळ्या मोबाईल कंपन्या यांना,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल रिपेअरिंग आणि रिचार्जचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंग पिन बसवणं, जुन्या फोनमधले नंबर नव्यात टाकून देणं ही रोजची कामं, आणि या कामांच्या मधेमधे कोणी ना कोणी येऊन विचारतं की दादा, मला फोन उचलता येत नाही तेव्हा कॉल दुसऱ्या नंबरवर कसा टाकायचा. नाहीतर बरोब्बर उलटा प्रश्न येतो, की माझे कॉल कोणी दुसरीकडे वळवलेत का जरा बघा. पहिला माणूस धंद्यासाठी विचारतो, दुसरा घाबरलेला असतो. दोघांनाही द्यायला माझ्याकडे जे उत्तर आहे ते अर्धवट आहे, आणि ते पूर्ण करणं माझ्या हातात नाहीये, तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. माझ्या नंबरवर येणारा कॉल आत्ता कुठे वळतोय हे मला माझ्या भाषेत, कधीही, एक पैसा न देता बघता आलं पाहिजे, आणि मी समजून उमजून हो म्हटल्याशिवाय त्यात बदल होता कामा नये. एवढं झालं की कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायच्या सोयीवर, म्हणजे फॉरवर्डिंगवर, बंदी घालायची वेळ येणार नाही आणि ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्यांचीही अडचण होणार नाही.

पोट म्हणतोय ते उगाच नाही. आमच्याकडे येणारा वायरमन खांबावर किंवा शिडीवर असतो तेव्हा दोन्ही हात कामात, फोन खिशात वाजून वाजून बंद होतो आणि समोरचा माणूस पुढच्या मिनिटाला दुसऱ्या वायरमनला फोन लावतो, काम गेलं. पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक ताई आहेत, सकाळी सात ते दहा त्यांचे हात पिठात, आणि आज डबा नको हे सांगणारे सगळे फोन नेमके त्याच वेळेत येतात. जनावरांचे डॉक्टर वाड्यावस्त्यांवर फिरतात, पाटणच्या आणि कोयनेच्या बाजूला डोंगरात गेलं की रेंज कधी आहे कधी नाही, आणि गाय अडलेली असताना शेतकऱ्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे’ एवढंच ऐकू येतं. ऊसतोडीच्या हंगामात मुकादम, ट्रॅक्टरवाले, जेसीबीवाले, सगळ्यांचा फोन हेच ऑफिस. यांना कॉल सेंटर परवडत नाही, मदतीला माणूस ठेवता येत नाही. यांच्यासाठी ‘मी नाही उचलला तर माझ्या बायकोच्या फोनवर जाऊ दे’ ही सोय फार मोठी आहे, आणि ती नेटवर्कमध्ये पहिल्यापासून आहे, कोणाला नवीन काही शोधून काढायचं नाहीये.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हे पत्र तुमच्यासोबत माझी गिऱ्हाईकंही वाचतील. फॉरवर्ड चार प्रकारचा असतो. एक म्हणजे सरसकट, फोन वाजतच नाही, प्रत्येक कॉल थेट दुसरीकडे, त्याचा मोबाईल नेटवर्कमधला ठरलेला कोड २१. दुसरा फोन एंगेज असेल तर, ६७. तिसरा उचलला नाही तर, ६१. चौथा फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर, ६२. दोन स्टार, मग कोड, मग स्टार, मग नंबर, मग हॅश, आणि डायल. उचलला नाही तर वाल्यामध्ये किती सेकंद वाजू द्यायचं तेही ठरवता येतं, पाचच्या पटीत ५ ते ३० सेकंद. चालू आहे का बघायला *# लावून कोड आणि हॅश, म्हणजे *#२१#, *#६१# असं. सगळं एकदम काढायला ##००२#. जिओचं वेगळं आहे, तिथे *४०१* पुढे नंबर टाकला की सरसकट फॉरवर्ड, *४०३* ला न उचललेले, *४०५* ला एंगेज, *४०९* ला रेंज नसलेले, आणि *४१३ ला सगळे बंद. फोनच्या सेटिंगमध्येही कॉल फॉरवर्डिंग म्हणून असतं, साध्या कीपॅडच्या फोनमध्ये त्याला कॉल डायव्हर्ट म्हणतात.

वायरमनला मी नेहमी ६१ आणि ६२ लावून देतो, म्हणजे आधी त्याचाच फोन वाजतो, त्याने नाही घेतला किंवा रेंज नसली तरच घरी जातो. मुकादमाला एंगेजचाही लागतो कारण एकाच वेळेस चार जण फोन करतात. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमचं वेगळं करावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते एका सिमवर लावतात आणि दुसऱ्यावर कॉल आला की म्हणतात चालत नाही. सरसकटचा मी क्वचित लावतो, फोन दुरुस्तीला दोन दिवस ठेवून घ्यायचा असेल तर वगैरे. पुढे वळवलेल्या कॉलचा खर्च फॉरवर्ड करणाऱ्याच्या प्लॅनमधून जातो, तेही आधीच सांगतो. आणि एक गोष्ट प्रत्येकाला बजावून सांगतो की फॉरवर्ड फक्त कॉलचा होतो, एसएमएसचा होत नाही, बँकेचा मेसेज ज्या सिमवर यायचा त्याच सिमवर येणार.

आता घाबरून येणाऱ्यांचं.

आमच्याकडे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांना फोन आला की तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉय पत्ता शोधतोय, त्याच्याशी बोलायला मी मेसेजमध्ये पाठवलेला नंबर जसाच्या तसा डायल करा. नंबरच्या आधी स्टार आणि काही आकडे होते. गुरुजींनी डायल केला, कोणी बोललं नाही, त्यांनी विषय सोडून दिला. त्या क्षणापासून त्यांचे सगळे कॉल भलत्याच माणसाकडे जायला लागले. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्या माणसाने आपल्या फोनवर गुरुजींच्या नंबरने व्हॉट्सॲप टाकलं, कोड एसएमएसने न मागता कॉलवर मागितला, कॉल त्याच्याकडेच आला, सहा आकडे ऐकले आणि गुरुजींचं व्हॉट्सॲप त्याचं झालं. मग गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज की दवाखान्यात आहे, पैसे पाठवा. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्या शहाण्या पोरांनी पैसे पाठवायच्या आधी खात्री करायला फोन लावला, त्यांचा फोनही चोराकडेच गेला. गुरुजींना सावध करायचा एकमेव रस्ता त्यानेच धरून ठेवला होता. आणि गुरुजींना स्वतःला काही कळायचं कारणच नव्हतं, त्यांच्या फोनवरून बाहेर कॉल लागत होते, नेट चालू होतं, फक्त फोन वाजत नव्हता, आणि रिटायर्ड माणसाचा फोन दिवसभर नाही वाजला तर त्यात त्याला काय वेगळं वाटणार.

पोरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन फॉरमॅट मारला. काही उपयोग झाला नाही, कारण फॉरवर्ड फोनमध्ये नसतोच, तो कंपनीच्या नेटवर्कमध्ये तुमच्या नंबरच्या नावापुढे लिहिलेला असतो. फोन फॉरमॅट करा, नवीन फोन घ्या, सिम काढून दुसऱ्यात टाका, तो तसाच राहतो. कस्टमर केअरला फोन लावला तर इकडचा तिकडचा मेनू ऐकण्यात बराच वेळ गेला आणि शेवटी जी व्यक्ती मिळाली तिने फोन रीस्टार्ट करायला सांगितलं. मग माझ्याकडे आले. कॉल फॉरवर्ड काढला, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार केली, व्हॉट्सॲप परत मिळवायला बरेच दिवस गेले. पैसे ज्या विद्यार्थ्यांचे गेले त्यांना गुरुजी आजही भेटायला कचरतात, त्यांची काही चूक नसताना.

तुम्हाला हे माहीत नाही असं मी म्हणत नाहीये. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं की *४०१# डायल करायला सांगणाऱ्या फोनपासून सावध राहा. मग २८ मार्च २०२४ च्या आदेशाने १५ एप्रिलपासून यूएसएसडीवरून, म्हणजे असे स्टार-हॅशचे कोड डायल करून, होणारं कॉल फॉरवर्डिंग पुढच्या आदेशापर्यंत थांबवायला कंपन्यांना सांगितलं, आणि ज्यांचं आधीपासून चालू आहे त्यांना दुसऱ्या मार्गाने परत चालू करायला सांगा असंही त्यात होतं. हेतू चांगला होता आणि घाई होती हेही समजतं, लोकांचे पैसे जात होते. पण त्यानंतरही पार्सलच्या नावाने कोड डायल करायला लावणारे फोन थांबलेले नाहीत, सरकारची सायबर यंत्रणाच आजही लोकांना सांगते की शंका आली तर ##००२# डायल करा. आमच्या काउंटरवर तर एवढंच दिसतं की कुठला कोड कुठल्या कंपनीच्या सिमवर चालेल याचा नेम नाही, एका गिऱ्हाइकाचं होतं, दुसऱ्याचं होत नाही, आणि दुसरा मार्ग म्हणजे नेमका कुठला मार्ग हे कंपनीच्या दुकानातल्या पोरांनाही नीट सांगता येत नाही.

शिवाय कोड हा एकच रस्ता काही जणांकडे आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगचं बटण आहे पण ते सरसकटचं, न उचलल्यावर किंवा रेंज नसताना एवढंच वळवायचं असेल तर कोडच लागतो. म्हणजे कोड बंद केले की ज्याला जपून वापरायचंय त्याचा रस्ता बंद होतो, आणि सगळ्यात धोक्याचा जो सरसकट फॉरवर्ड, तो मात्र सेटिंगमधून चालूच राहतो. हे उलटं झालंय.

माझं म्हणणं असं की चोराला जो फायदा मिळतो तो कोड सोपा असल्यामुळे कमी आणि बदल झाल्यावर मालकाला काही कळत नाही यामुळे जास्त मिळतो. गुरुजींच्या फोनवर त्याच मिनिटाला मोठ्या अक्षरात मराठीत आलं असतं की ‘तुमच्या नंबरवर येणारे सगळे कॉल आता अमुक नंबरवर जातील, हे तुम्हीच केलंय का, हो असेल तर १ पाठवा, नाहीतर काही करू नका, बदल होणार नाही’ तर गुरुजींनी १ पाठवला नसता, एवढं त्यांना नक्की कळतं, आयुष्यभर पोरांना शिकवलंय त्यांनी. आत्ता काय येतं? फोनच्या स्क्रीनवर क्षणभर एक इंग्रजी चौकोन येतो, आयफोनवर तर ‘सेटिंग इंटरॉगेशन सक्सीडेड’ असलं काहीतरी, खाली व्हॉइस, डेटा, फॅक्स, सिंक, असिंक, पॅकेट अशी यादी. मला धंद्यात इतकी वर्षं होऊनही त्यातल्या निम्म्या ओळी गिऱ्हाइकाला समजावून सांगता येत नाहीत, तर ज्याला इंग्रजी येत नाही तो ओके दाबून मोकळा होणारच. काही फोनवर वर बारीक बाणाचं चिन्ह येतं, ते चष्मा लावूनही दिसत नाही, आणि एंगेज किंवा न उचललेल्याच्या फॉरवर्डला तेही येत नाही.

याच्यातूनच एक भलतंच प्रकरण उभं राहिलंय, ते पण ऐका. व्हिडिओ फिरतात की *#६२# डायल करा, नंबर दिसला तर तुमचा फोन हॅक झालाय. लोक डायल करतात, खरंच एक अनोळखी नंबर दिसतो, आणि धावत माझ्याकडे येतात, कोणी रडकुंडीला आलेलं असतं. बऱ्याच वेळा तो नंबर कंपनीचाच असतो, मिस्ड कॉल अलर्टचा. फोन बंद असताना कोणी कोणी फोन केला त्याचा मेसेज नंतर येतो ना, तो असाच येतो, रेंज नसताना कॉल कंपनीच्या त्या मशीनकडे वळतो म्हणून. घाबरलेला माणूस ##००२# मारतो आणि मग महिन्याभराने येऊन विचारतो की मिस्ड कॉलचे मेसेज का येत नाहीत. सांगा, यात त्याने काय चुकीचं केलं? तो नंबर कोणाचा आहे हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नाहीये. कंपनीने आपले हे नंबर वेबसाईटवर आणि ॲपमध्ये जाहीर केले, किंवा त्या चौकोनात आकड्यांऐवजी ‘मिस्ड कॉल अलर्ट सेवा’ असं लिहून आलं, तरी हा सगळा घोळ संपेल. हे करायला कायदा लागत नाही, आदेश लागत नाही, उद्यापासून होईल.

आणि संमती विचारायची पद्धत तुमच्याकडे नवीन नाहीये. कॉलर ट्यून, क्रिकेटचे मेसेज, राशिभविष्य असलं काही लोकांच्या माथी मारून बॅलन्स कापायचे तेव्हा ट्रायनेच २०१३ मध्ये नियम केला की अशी सेवा चालू करायच्या आधी गिऱ्हाइकाची दोनदा संमती घ्यायची, आणि सगळ्या सेवा बंद करायला १५५२२३ हा एकच नंबर सगळ्या कंपन्यांना लागू केला. आमच्या दुकानात तो नंबर मी भिंतीवर लिहून ठेवला होता, खूप जणांचे पैसे वाचले त्याने. तसंच १ जुलै २०२४ पासून सिम बदललं की ७ दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, तेही फसवणूक थांबावी म्हणूनच केलं ना. मग कॉलर ट्यूनला दोनदा विचारायचं आणि माणसाचा अख्खा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात जाताना एकदाही नीट विचारायचं नाही, हे बरोबर वाटतं का तुम्हाला?

तर करायचं काय, माझ्या मते असं. सरसकट फॉरवर्ड कुठल्याही मार्गाने लावला, कोडने, सेटिंगमधून, ॲपमधून, तरी दोनदा संमती, मराठीत किंवा ज्या भाषेत गिऱ्हाइकाने सिम घेताना सांगितलंय त्या भाषेत. ज्यांना इंग्रजी मराठी काहीच वाचता येत नाही त्यांना कॉल करून ऐकवा आणि बटण दाबून घ्या, पण तो कॉल फॉरवर्डला न सापडता थेट मूळ सिमवर वाजला पाहिजे, नाहीतर चोरच हो म्हणेल. न उचललेल्या, एंगेज आणि रेंज नसलेल्या फॉरवर्डला एकदा संमती पुरे, कारण त्यात बहुतेक वेळा फोन आधी वाजतो किंवा वापरणाऱ्याने ठरवून केलेलं असतं, तिथे जास्त अडथळे घातले तर वायरमन कंटाळून सोडून देईल. घरातले दोन तीन नंबर आधीच नोंदवून ठेवता यावेत, त्यांच्यावर वळवायला लगेच परवानगी, आणि अनोळखी नंबरवर वळवायचं असेल तर एक दिवस थांबा. फॉरवर्ड चालू असेपर्यंत आठवड्याला एक आठवणीचा मेसेज. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जसं माझ्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तिथेच माझ्या प्रत्येक नंबरचे कॉल कुठे वळलेत तेही दिसावं, कंपनी कुठलीही असो, आणि एका बटणात काढता यावं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी सगळ्या कंपन्यांना एकच नंबर, १५५२२३ सारखा, ज्याच्यावर फोन केला की मराठीत सांगेल, ‘तुमचे कॉल कुठेही वळवलेले नाहीत’. एवढं एक वाक्य ऐकायला लोक माझ्या दुकानात येतात हो.

आता व्हॉइसमेलचं, म्हणजे फोन उचलला नाही तर समोरच्याला निरोप बोलून ठेवता येतो त्या सोयीचं, कारण फॉरवर्ड करायला प्रत्येकाच्या घरी दुसरा फोन घेऊन बसलेलं कोणी नसतं. डबेवाल्या ताई एकट्याच राहतात, त्यांचा कॉल कोणाकडे वळवणार? त्यांना हवंय एवढंच की समोरच्याने ‘आज डबा नको’ सांगावं आणि त्यांनी दहा वाजता हात धुवून ऐकावं. आपल्याकडे व्हॉइसमेल का रुजलं नाही याचं कारण सरळ आहे, समोर मशीनने कॉल घेतला की फोन करणाऱ्याचे पैसे सुरू व्हायचे, आणि मेसेज ऐकायलाही वेगळे पैसे पडायचे, त्यापेक्षा मिस्ड कॉल फुकट. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर तर मिस्ड कॉल द्यायचा आणि समोरच्याने लावायचा हीच पद्धत पडली. पुढे व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले आणि घरच्या घरी लोकांचं भागलं. पण धंद्याचं भागत नाही, नवीन गिऱ्हाइकाकडे तुमचा नुसता नंबर असतो, दवाखाना किंवा बँक लँडलाईनवरून फोन करते, शेतकऱ्याकडे कीपॅडचा फोन असतो. आज कॉलला मिनिटाचे पैसे लागत नाहीत म्हणजे ते जुनं कारणही उरलेलं नाही, तरी कंपन्यांनी या सेवेकडे परत वळून बघितलेलं दिसत नाही.

मग लोक ॲपकडे जातात. ट्रूकॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये भारतात अँड्रॉइडवर फुकट व्हॉइसमेल आणलं, ते आलेला मेसेज १२ भारतीय भाषांत लिहूनही दाखवतं, चांगलीच गोष्ट आहे. ॲपलचं लाइव्ह व्हॉइसमेल २०२३ मध्ये आलं, पण आधी अमेरिका आणि कॅनडासाठी. मोठ्या धंद्यांसाठी व्हर्च्युअल नंबर देणाऱ्या कंपन्या आहेत, ‘मराठीसाठी एक दाबा’ वालं सगळं मिळतं, पण दर महिन्याचं भाडं पंधरा डब्यांच्या धंद्याला परवडत नाही. गिऱ्हाईक मला विचारतं की कुठलं घेऊ, तेव्हा मी आधी त्यालाच उलट विचारतो. नेट कायम चालू असतं का, कारण नेट नसेल तर बरीचशी ॲप लंगडी पडतात. फोन करणारे कोण आहेत, ओळखीचे का नवे. मेसेज कुठे साठतो, फोनमध्ये का दुसऱ्याच्या सर्व्हरवर. ॲप कॉन्टॅक्ट मागतं का, कॉलची सगळी यादी मागतं का. आणि उद्या ॲप काढून टाकलं तर त्याने नेटवर्कमध्ये लावलेला फॉरवर्ड निघतो का. हा शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही, पण न उचललेल्याचा, एंगेजचा किंवा रेंज नसलेल्याचा फॉरवर्ड लावून चालणारं ॲप डिलीट केलं आणि फॉरवर्ड तसाच राहिला तर कॉल कुठल्या तरी बंद नंबरवर जात राहतात, आणि माणूस म्हणतो मला हल्ली फोनच येत नाहीत. डॉक्टरांचं असंच झालं होतं, बिचारे समजत होते की लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागलेत.

म्हणून माझी विनंती आहे की साधं व्हॉइसमेल कंपनीनेच नेटवर्कवर द्यावं, कुठल्याही फोनवर चालेल असं, कीपॅडवरसुद्धा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम करून नुसत्या कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन द्यायला लावले ते फार बरं केलं, आमच्याकडची म्हातारी माणसं तेच घेतात. ज्यांच्याकडे डेटाच नाही त्यांना ॲपचं व्हॉइसमेल काय कामाचं? त्यांच्यासाठी एक छोटा नंबर, डायल केला की ‘तुम्हाला दोन निरोप आहेत’ असं मराठीत ऐकवेल, बस. फोन करणाऱ्यालाही आधी मराठीत सांगा की आता निरोप ठेवा. आणि निरोप ऐकायला लागणाऱ्या पिनचं आत्ताच नीट करा. ब्रिटनमध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड नावाचं १६८ वर्षांचं साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद करावं लागलं, कारण त्यांची माणसं लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकायची, आणि ते जमायचं कारण पुष्कळ जणांनी कंपनीने दिलेला मूळ पिन बदललेलाच नसायचा. सगळ्यांना एकच ०००० किंवा १२३४ देऊ नका, मूळ सिमवरूनच ऐकता येईल असं ठेवा, दुसऱ्या फोनवरून ऐकायचं असेल तरच पिन, आणि तो ज्याचा त्याने ठरवल्याशिवाय चालू होऊ नये. ओटीपीचा कॉल व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडणार नाही याचीही काळजी घ्या, नाहीतर चोर फोन बंद असायची वाट बघतील, रात्री दोनला.

बाहेरगावी असलेल्यांचंही थोडक्यात. आमच्या तालुक्यातली पुष्कळ पोरं दुबईला, मस्कतला आहेत, इथलं सिम बँकेसाठी चालू ठेवतात. रोमिंगवर असताना न उचललेल्याचा फॉरवर्ड चालू राहिला तर कॉल आधी तिकडे जातो आणि तिकडून परत भारतात येतो, दोन्ही बाजूंचं बिल लागू शकतं. विमानात बसायच्या आधी एक मेसेज पाठवा की तुमचा असा असा फॉरवर्ड चालू आहे, काढायचा का. रोमिंगचा पॅक विकायला तर मेसेज येतातच.

शेवटी एवढंच मागणं की हे परत एका आदेशाने घाईत होऊ नये. ट्रायने कॉल फॉरवर्डिंग आणि व्हॉइसमेल या विषयावर कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा कागद, काढावा, मराठीत आणि बाकी भाषांतही काढावा, आणि उत्तर द्यायला दुकानदारांना, कामगारांना जमेल एवढी मुदत ठेवावी, ईमेलसोबत पोस्टानेही घ्यावीत उत्तरं. आमच्या तालुक्यातले मोबाईल दुकानदार मिळून आम्ही लिहून पाठवायला तयार आहोत, कुठल्या कंपनीच्या कुठल्या सिमवर कुठला कोड आज चालतो आणि कुठला चालत नाही याची नोंदही ठेवायला सुरुवात केली आहे, ती सोबत जोडू. तोपर्यंत मिस्ड कॉल अलर्टचे नंबर जाहीर करायचं काम मात्र कंपन्यांनी या महिन्यातच करावं, त्याला कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

कळावे,
तुमचंच सिम विकणारा आणि तुमच्याच गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकणारा
एक मोबाईल दुकानदार, जिल्हा सातारा